अँटिव्हायरससोबत आलेला व्हीपीएन घ्यावा का?

व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटवरची ये-जा कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारी सेवा. माझ्या अँटिव्हायरसच्या नूतनीकरणाच्या पानावर ‘व्हीपीएन फुकट’ या चौकटीत आधीच टिक होती. मी ती तशीच ठेवली आणि पुढच्या वर्षी कार्डातून जवळपास तिप्पट रक्कम गेली. म्हणून आधी ऑटो-रिन्यूअल बंद करा, बाकीचं नंतर.

व्हीपीएनचे सर्व्हर कोणाचे, ते गोपनीयता धोरणात शोधा. बिटडिफेंडर या अँटिव्हायरस कंपनीचा व्हीपीएन बरीच वर्षं हॉटस्पॉट शील्ड या दुसऱ्याच व्हीपीएनच्या जाळ्यावर चालायचा. दुकान एकाचं, माल दुसऱ्याचा!

‘नो लॉग’वर, म्हणजे ‘आम्ही तुमच्या वापराची नोंद ठेवत नाही’ या दाव्यावर भाळू नका, बाहेरच्या ऑडिटचा अहवाल आणि त्याची तारीख बघा. अव्हास्ट हे अँटिव्हायरस आठवतं ना? जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत लोकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्याकडून १.६५ कोटी डॉलर घेतले. राखणदारच तो!

मग खरी परीक्षा. व्हीपीएन लावून डीएनएस लीक टेस्ट करा, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइट्सचे पत्ते कोणाचे सर्व्हर शोधून देतात ते दाखवणारी ऑनलाइन चाचणी. यादीत जिओ किंवा एअरटेल दिसलं तर गळती आहे. मग किल स्विच, म्हणजे व्हीपीएन तुटताच इंटरनेट थांबवणारी सोय, चालू करा आणि मोठं डाउनलोड चालू असताना व्हीपीएन ॲप जबरदस्तीने बंद करा. व्हीपीएन तुटूनही डाउनलोड थांबलं नाही, तर किल स्विच नावापुरताच. हे सगळं पैसे परत मिळण्याच्या मुदतीतच उरका.