बोनमॅरोची तारीख येईपर्यंत घर कसं सांभाळायचं

आमच्या यांना दिवाळीनंतर एएमएल निघाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. पहिल्या किमोने आजार दबला. मग डॉक्टरांनी सांगितलं की बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायचं, म्हणजे दुसऱ्याच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी यांना द्यायच्या, पण त्याआधी आणखी किमो आणि तारखेची वाट. ही मधली वेळ कशी काढायची ते मला कुणी एका जागी बसवून सांगितलं नाही. नाशिकच्या सिडकोत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, दवाखान्याचा मला गंधही नव्हता. जे शिकले ते लिहिते. औषधाच्या बाबतीत शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

सगळ्यात आधी तापाचं. डिजिटल थर्मामीटर दोन आणा, एक उशाशी आणि एक फाईलच्या पिशवीत. किमो दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. न्युट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली गेले की अंगात लढायला कोणी उरत नाही. अशा वेळी पू होत नाही, सूजही दिसत नाही. ताप ही एकच खूण. 100.4 दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. दुसऱ्या किमोनंतर रात्री अकराला यांचं अंग गरम लागलं आणि मी तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघितली. पहाटे हे थंडीने पलंगासकट हलत होते. गोळीने ताप झाकला जातो, आजार आत वाढत राहतो. अजूनही ती रात्र आठवली की माझा हात थांबतो. तेव्हा विचारल्याशिवाय गोळी नाही. हॉस्पिटलच्या दारात रांगेत उभं राहायचं नाही, मोठ्याने सांगायचं, "किमोचा पेशंट आहे, ताप आहे, पेशी कमी आहेत." पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. मी हे एका कागदावर लिहून, ताज्या सीबीसीसह (रक्तातल्या पेशी मोजण्याची तपासणी), प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलंय. शेजारच्या रिक्षावाल्या दादांना आधीच सांगून ठेवलंय की रात्री कधीही हाक मारीन.

दुसरी गोष्ट रक्ताची, आणि इथे घरच्या मायेनेच चूक होते. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, आठ हजारांपर्यंत खाली आल्या तेव्हा आमचा मुलगा बाही वर करून उभा राहिला. यांची बहीणही निघाली होती. डॉक्टरांनी दोघांना थांबवलं. ज्याचं ट्रान्सप्लांट व्हायचंय त्याला शक्यतो रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं रक्त किंवा प्लेटलेट देत नाहीत. शरीर त्या पेशींना ओळखून त्यांच्याविरुद्ध तयार होतं आणि पुढे नातेवाइकाच्याच पेशी बसवायच्या असतील तर त्या नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. म्हणून दाते बाहेरचे शोधा. यांच्या अंबडच्या कंपनीतले सात जण आणि गल्लीतल्या गणेश मंडळाची पोरं, अशी यादी मी केली. नाव, रक्तगट, फोन, शेवटचं कधी दिलं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. त्यामुळे माणूस हाकेच्या अंतरावर लागतो. मशीनवर एका दात्याकडून काढतात त्याला एसडीपी म्हणतात, दीड-दोन तास धरून चाला. रक्त फिल्टर केलेलं आणि किरण दिलेलं हवं का, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

डोनरचं सांगते. दाता जुळतो का हे एचएलए तपासणीने, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांवरून, ठरतं. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी चारात एक. यांना तीन भावंडं, म्हणून पाऊण शक्यता असा हिशोब मी मनात केला होता. तो चुकीचा. तिघं असले तरी शक्यता निम्म्याहून थोडीच जास्त असते. मुलं मात्र नेहमी अर्धी जुळतात, आणि हल्ली अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट करतात. कोणीच जुळलं नाही तर दात्रीसारख्या नोंदणी संस्थांकडे परका दाता शोधतात. आमच्याकडे येवल्याची धाकटी नणंद पूर्ण जुळली. त्या दिवशी घरात पेढे आले, आणि चारच दिवसांनी तिच्या सासरहून फोन आला, "मणक्यातून काढतात म्हणे, ती अधू झाली तर?"

या फोनसाठी तयार राहा, तो येतोच. चिडू नका, त्यांचंही माणूस आहे. मी नणंद, तिचा नवरा आणि सासूबाई, तिघांना डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. त्यांनी समजावलं की बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, पेशी रक्तात उतरतात आणि एका हातातून रक्त मशीनमध्ये जाऊन दुसऱ्या हातात परत येतं. त्या दिवसांत हाडं दुखतात, अंग मोडून येतं, मग थांबतं. हाडातून काढायचंच ठरलं तरी भूल देऊन कंबरेच्या हाडातून काढतात, मणक्याला हात लावत नाहीत. दात्याच्या पेशी पुन्हा भरून येतात. सासूबाईंनी दोनदा विचारलं, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. नणंदेचा होकार मी माझ्या तोंडून मागितला नाही, तो तिने दिला. आता तिची सर्दीसुद्धा माझ्या काळजीत आहे.

स्वयंपाकघरात बदल कमी पण कडक. कच्चं काही नाही. कोशिंबीर, ओली चटणी, बाहेरचा रस, मिसळ, सगळं बंद. ताजं शिजवलेलं, गरम, पाणी उकळून. दही चालेल का ते विचारून. फळ जाड सालीचं, घरी सोललेलं. केळ, संत्रं. जानेवारी-फेब्रुवारीत दिंडोरीहून माझ्या भावाने द्राक्षांच्या पेट्या पाठवल्या. नाशिकच्या माणसापुढे द्राक्षं ठेवायची नाहीत हे फार जड जातं, पण पातळ सालीचं, घडाच्या आत धुताच न येणारं फळ. पेट्या शेजारी वाटल्या. तोंड आलं की यांचा आवडता काळ्या मसाल्याचा रस्साही गेला. मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीची पेज, थोडं थोडं सहा वेळा. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा. ब्रश लहान मुलांचा, मऊ. किमोनंतर दोन दिवस लघवी, उलटी, मळके कपडे हाताळताना मी हातमोजे घालते आणि संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडते.

भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणायला शिका. मी गॅलरीत एक खुर्ची टाकली आहे. सर्दी-खोकला नसलेला माणूस, मास्क लावून, तिथून दहा मिनिटं. सासूबाईंनी रामकुंडाचं तीर्थ आणलं तेव्हा मी "नको" म्हटलं नाही. ते देवघरात ठेवलं आणि यांनी लांबूनच हात जोडले. तुळशीची कुंडी शेजारच्या काकूंकडे दिली, कारण मातीत बुरशी असते. सिंहस्थाच्या तयारीसाठी जिकडे तिकडे रस्ते खणलेत, त्या धुळीतही तीच. बाहेर पडताना गाडीच्या काचा बंद आणि तोंडावर मास्क.

यांच्या दंडात पिक लाईन आहे, म्हणजे औषध देण्यासाठी शिरेत कायम ठेवलेली बारीक नळी. दर आठवड्याला ड्रेसिंग, त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, आंघोळीला प्लास्टिक गुंडाळायचं. प्रत्येक वेळी शर्ट काढताना नळी ओढली जायची आणि हे दात आवळायचे. मी जुन्या सुती शर्टाची उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उसवली आणि वेल्क्रो लावला. आता नर्स फक्त बाही उघडते. वेल्क्रोची खरबरीत बाजू आतल्या पट्टीवर, बाहेर तोंड करून ठेवा, म्हणजे कातडीला मऊ बाजूच लागते. वॉर्डातल्या तिघांना असे शर्ट शिवून दिले.

पैशांचं थोडक्यात. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, समजून घ्या. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, दाखल्याला आधी लागा. उपचारासाठी जाताना रेल्वेत चेअर कारला पेशंट आणि सोबतचा, दोघांना 75 टक्के सवलत मिळते, फॉर्म हॉस्पिटल भरून देतं. पेशी चांगल्या असतील तेव्हा आम्ही मुंबईकडे पंचवटी एक्सप्रेसने जातो, कमी असतील तेव्हा गाडीने कसारा घाट उतरतो. ट्रान्सप्लांटनंतर साधारण 100 दिवस हॉस्पिटलच्या जवळ राहावं लागतं. आमचं खारघरला ठरलंय, तिथे स्वतंत्र स्वयंपाकघर असलेली खोली आत्तापासून बघतोय.

आणि माणसाला पेशंट करून ठेवू नका. मी औषधं, वेळा, पाहुणे, फोन, सगळं हातात घेतलं आणि हे भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. तीन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझे आकडे तरी मला दे." हे कंपनीत क्वालिटीला आहेत, पंचवीस वर्षं मायक्रोमीटर धरलाय. मी वही त्यांच्याकडे दिली. आता हिमोग्लोबिन, न्युट्रोफिल, प्लेटलेट, ताप, सगळं तेच लिहितात, आखून, लाल-निळ्या शाईत. डॉक्टरही आधी ती वही मागतात. जवळ झोपलं तर चालेल का, हेही मी सिस्टरला लाजत लाजत विचारलं. मला सर्दी-ताप नसेल तर चालतं म्हणाल्या. तुम्हीही विचारा. मला शिंक आली तर मी पुढच्या खोलीत आणि मुलगा यांच्याजवळ, हे आधीच ठरलेलं आहे.

ट्रान्सप्लांटच्या दिवसाला डॉक्टर डे झीरो म्हणतात. परवा यांनी वहीची नवी पानं आखली, शून्यापासून शंभरापर्यंत, आणि शून्यापुढची तारखेची जागा मोकळी ठेवली. सोमवारी सीबीसी आहे. मी यांच्या तिसऱ्या शर्टाची बाही उसवायला घेतली आहे.