आपला मिडफिल्डर चाललाय? मग निरोप असा द्या

सगळ्यात आधी एक करा, आपल्या मुंबई सिटी क्लबच्या घोषणेची वाट बघत बसू नका. आपल्याकडे, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, बहुतेक कॉन्ट्रॅक्ट 31 मेला संपतात, सीझन त्याच्या आधीच आटोपलेला असतो, आणि मग एका दुपारी क्लब थँक यूचं पोस्टर टाकतो तेव्हा प्लेअर केव्हाच घरी पोचलेला असतो. रियल माद्रिदवाल्यांचं बरं होतं, त्यांच्या मिडफिल्डर टोनी क्रूसने 21 मे 2024 ला सांगितलं की आता बास, आणि 25 तारखेला बेर्नाबेउवर शेवटची होम मॅच होती, म्हणजे तयारीला चार दिवस मिळाले. आपल्याला ते नशीब नाही. म्हणून नियम सोपा ठेवा, कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय आणि नवीन साइन केल्याची बातमी नाही, तर सीझनची शेवटची होम मॅच हीच निरोपाची मॅच धरायची. आणि बॅनरवर अलविदा-बिलविदा लिहूच नका, नुसते आभार माना. तो राहिलाच तर बॅनर वाया जात नाही, गेला तर चुकत नाही.

हे इतकं का सांगतोय तर ह्यूगो बूमू या मिडफिल्डरचं उदाहरण घ्या. 2020 मध्ये एफसी गोवातून मुंबई सिटीत आला, लीग टेबलात पहिलं येण्याची शील्ड आणि फायनलची ट्रॉफी दोन्ही जिंकून दिल्या, 13 मार्च 2021 ला फातोर्ड्यात बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल मारून फायनल काढली, आणि कोविडमुळे तो अख्खा सीझन गोव्यात रिकाम्या स्टेडियममध्ये झालेला, नंतर बूमू कोलकात्याला गेला. म्हणजे मुंबईचा जर्सी घालून तो अंधेरीच्या होम ग्राउंडवर आपल्यासमोर एकदाही खेळला नाही! टाळ्या वाजवायच्या तरी कुठे. गोवेकरांचं त्याहून वाईट झालं, 7 मार्च 2020 ला चेन्नईयिनला 4-2 हरवूनही दोन मॅच मिळून 5-6 ने सेमीफायनल हरले, लोक वैतागून घरी गेले, आणि त्याच उन्हाळ्यानंतर बूमू, जाहू, फॉल, मंदार सगळे आपल्याकडे आले. त्या दिवशी कुणाला माहीत होतं की हे शेवटचं बघणं आहे. त्यामुळे जेव्हा चान्स मिळतो तेव्हा घ्या.

आता, स्ट्रायकरचा निरोप सोपा असतो, दहा गोल जोडले की रील तयार. मिडफिल्डरचं, म्हणजे मैदानाच्या मधे खेळणाऱ्याचं, तसं नाही हो, त्याचं निम्मं काम कॅमेऱ्यात येतच नाही, तो पास देण्याआधी दोनदा मान वळवून मागे बघतो ते कोण क्लिप करून ठेवतं? म्हणून व्हिडिओ करणाऱ्याला महिनाभर आधी सांगा, आणि ग्रुपवर विचारा की ह्याची तुम्हाला आठवणारी, गोल नसलेली एक गोष्ट सांगा, मॅच आणि अंदाजे मिनिटासकट. कुणी म्हणेल पावसात त्या मॅचला एकट्याने मधला पट्टा धरून ठेवला होता, कुणी म्हणेल पिवळं कार्ड घेऊन समोरच्यांचा काउंटर अटॅक थांबवला तो. तेच कापा. दोन मिनिटांच्या वर व्हिडिओ नको, आणि मागे ते रडकं पियानोचं म्युझिक तर अजिबात नको, प्लीज.

बॅनरबद्दल नीट सांगतो कारण तिथेच लोक गडबडतात. फ्लेक्स छापायला सोपा पण नगरसेवकाच्या वाढदिवसासारखा दिसतो, शिवाय फ्लडलाइटमध्ये चकाकतो आणि समोरच्या स्टँडमधून काही वाचता येत नाही. मांजरपाट घ्या, टेलरकडून पट्टे शिवून घ्या, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गच्चीवर अंथरा, खाली जुने पेपर घाला नाहीतर रंग झिरपून लादी रंगते आणि सेक्रेटरी पुढच्या वेळी चावी देत नाही. कुणाकडे प्रोजेक्टर असेल तर रात्री कापडावर अक्षरं पाडून कडा गिरवून घ्या, नसेल तर खडूने चौकोन आखा. अक्षर निदान दोन-तीन फूट उंच पाहिजे, शब्द चारच्या वर नकोत. आकाशी कापडावर पांढरी अक्षरं फोटोत सुंदर दिसतात पण लांबून गायब होतात, अक्षरांना गडद निळा वापरा. ऑइल पेंट नको, घडी घातली की चिकटतं आणि वास मारतो, ऍक्रेलिक पातळ करून दोन हात द्या आणि रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. वरची कड बाहेर राहील अशी घडी घाला, नाहीतर स्टँडमध्ये उघडल्यावर नाव उलटं येतं आणि पुढचं अर्धा मिनिट सगळे एकमेकांवर ओरडतात. लाकडी दांडे गेटवर अडवतात, नायलॉनची दोरी कडेतून ओवून घ्या, आणि बॅनरचा फोटो-साइज क्लबला आधीच कळवून परवानगी घ्या, गेटवर हुज्जत घालून काही होत नाही.

प्लेअर मिझोरमचा असेल तर एक ओळ मिझोत लिहा, का लॉम ए एवढं पुरेसं आहे, स्पॅनिश असेल तर ग्रासियास, पण त्यापुढे वाक्य लिहायचं तर ती भाषा येणाऱ्या माणसाला दाखवूनच.

जर्सी नंबरच्या मिनिटाला टाळ्या वाजवायची पद्धत छान आहे पण मुंबईत जरा डोकं लावा. नंबर 8 असेल तर आठव्या मिनिटाला निम्मी पब्लिक वीरा देसाई रोडच्या ट्रॅफिकमध्ये असते, आणि नंबर 45 असेल तर लोक वडापावच्या लाइनीत. सरळ सेकंड हाफमध्ये एक मिनिट ठरवा, ढोलवाल्यांना त्या वेळी गप्प बसवा, नुसत्या टाळ्या आणि नाव. नाव दोन अक्षरांत बसलं तरच चालतं, लांब असेल तर ड्रेसिंग रूममध्ये त्याला जे म्हणतात ते वापरा.

मॅचच्या निकालावर निरोप टांगून ठेवू नका. लिव्हरपूलच्या कॅप्टन जेरार्डची अ‍ॅनफील्डवरची शेवटची मॅच, 16 मे 2015, क्रिस्टल पॅलेसने लिव्हरपूलला 3-1 ने धुतलं, तरी कुणी उठून गेलं नाही. मँचेस्टर सिटीच्या डी ब्रॉयनच्या शेवटच्या होम मॅचला तर, 20 मे 2025, बोर्नमथविरुद्ध, समोर रिकामं गोल होतं आणि पठ्ठ्याने बॉल बारवर मारला. असं होतं. हरत असाल तरी ठरलेल्या मिनिटाला उभं राहायचं. आणि कोचने त्याला शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर काढलं तर समजून घ्या की टाळ्यांसाठीच काढलंय, क्रूसला तसंच काढलं होतं, साइडलाइनला त्याची पोरं रडत होती, तेव्हा त्या क्षणी मोबाइल खाली आणि हात वर.

गिफ्टचं म्हणाल तर काचेची फ्रेम नको म्हणजे नकोच, परदेशी प्लेअर बॅगेच्या वजनात ती नेऊ शकत नाही, मग ती क्लबच्या ऑफिसात धूळ खाते. वही घ्या, प्रत्येकाने हाताने चार ओळी लिहायच्या, लहान पोरांनी चित्रं काढायची, आणि ती टीम मॅनेजरकडे द्या. फेटा बांधायची हौस असेल तर तयार शिवलेला आणा, नव्वद मिनिटं खेळून घामाने निथळणाऱ्या माणसाला पाच मिनिटं मान सरळ ठेवायला लावू नका. आणि हॉटेल, एअरपोर्ट, घराखाली गर्दी करायची नाही, बायको-पोरं असतात बरोबर.

राहिला अवघड भाग, तो दुश्मनाकडे चाललाय तर? 4 मे 2024 ला कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून आपण लीगचा कप उचलला आणि त्याच उन्हाळ्यात आपला मिडफिल्डर अपुइया मोहन बागानकडेच गेला. पोटात दुखतं, कबूल. पण फुटबॉलरचं करिअर दहा-पंधरा वर्षांचं, त्यात पैसे आणि ट्रॉफी दोन्ही बघणार नाही तर काय करणार. माझं मत असं की तो परत खेळायला येईल तेव्हा टीम अनाउन्स होताना टाळ्या, शिट्टी वाजली की मग मनसोक्त हूटिंग, ते हक्काचं आहे. इन्स्टावर त्याच्या आईच्या फोटोखाली जाऊन शिव्या देणारे लोक आपल्या ग्रुपमध्ये असतील तर त्यांना काढा, चर्चा नको.

मॅच संपल्यावर तो स्टँडसमोर आला तर पुढच्या रांगेत पोरांना उभं करा, मोठ्यांनी मागे. जर्सी मागत ओरडू नका. आणि मग त्याला सोडून द्या, 2018 मध्ये बार्सिलोना सोडताना इनिएस्ता मध्यरात्रीनंतर रिकाम्या कॅम्प नोउवर अनवाणी बसून होता, तसा वेळ त्यांनाही लागतो.

जाताना बॅनर आणि कचरा उचला, दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पूर्ण हिशोब टाका, कापड किती, रंग किती, टेलर किती, जीपेचे स्क्रीनशॉट सकट, उरलेले पैसे पुढच्या अवे ट्रिपच्या बसला. वर्गणी एकाच माणसाच्या खात्यावर गोळा केली असेल तर दुसऱ्याने तपासायची, मित्र असला तरी.