डार्क मॅटर करायचंय? आधी एक आलेख काढा

इंदुरात मराठी घरातल्या मुलाने ‘फिजिक्स घेतलंय’ म्हटलं की काकांचे दोन प्रश्न ठरलेले: भंवरकुआँला क्लास लावला का, आणि नोकरी कुठे लागणार? त्यावर ‘डार्क मॅटर’ (डोळ्यांना न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारा पदार्थ) हे उत्तर चालत नाही. आईवडिलांना एमएस्सी, पीएचडी, मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) असा दहा-बारा वर्षांचा रस्ता आधीच सरळ सांगून टाकावा.

बीएस्सीची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना १९५७ चा स्पुटनिक, १९६९ चं अपोलो ११, २०२३ चं चांद्रयान-३ तोंडपाठ असतं. छान आहे. पण डार्क मॅटरच्या इतिहासात कोणी कुठे उतरलेलं नाही. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकीने कोमा दीर्घिकासमूहातले वेग पाहिले. इतक्या वेगाने पळणाऱ्या दीर्घिकांना धरून ठेवायला दिसणारं वस्तुमान पुरेना. पुढे कित्येक वर्षं त्याचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याचे वेग मोजले, तेव्हा कुठे चर्चा तापू लागली.

हे वाचून सोडू नका, करून बघा. बुध सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटरने फिरतो, नेपच्यून जेमतेम ५.४ ने. अंतर वाढलं की वेग घटतो. दीर्घिकेतही कडेला तसंच व्हायला हवं. ‘स्पार्क’ नावाच्या संग्रहात १७५ दीर्घिकांची मोजमापं फुकट मिळतात. त्यातली एनजीसी ३१९८ उचला. वायू आणि ताऱ्यांची चकती यांच्यामुळे अपेक्षित असलेले वेग वेगळ्या रकान्यांत दिलेत. चकतीच्या वेगाचा वर्ग ०.५ ने गुणा, वायूच्या वेगाचा वर्ग त्यात मिळवा, वर्गमूळ काढा आणि मोजलेल्या वेगाशेजारी त्याचा आलेख पायथॉनमध्ये काढून बघा. मोजलेली रेघ सेकंदाला १५० किलोमीटरच्या आसपास आडवीच चालत राहते, तुमची खाली घसरते. ही तफावत भरून काढायलाच डार्क मॅटर लागतं. ०.५ कुठून आलं, ते बदललं तर काय होतं, हे स्वतः शोधा. खरं शिक्षण तिथे आहे.

मोहिमांची ओळख मग आपोआप होते. २००९ चा प्लँक उपग्रह: विश्वात साधा पदार्थ ५ टक्के, डार्क मॅटर २७, बाकी डार्क एनर्जी (विश्वाचा विस्तार वेगाने करणारी अज्ञात ऊर्जा). जुलै २०२३ मध्ये गेलेली युक्लिड दुर्बीण मधल्या वस्तुमानाच्या गुरुत्वामुळे किंचित वाकलेले दिसणारे दीर्घिकांचे आकार मोजते. डार्क मॅटरचा कण मात्र अजून कुणालाच सापडलेला नाही, आणि गुरुत्वाचा नियमच बदलावा म्हणणाऱ्या मिलग्रोमची १९८३ ची कल्पनाही वाचून ठेवा. वादात दोन्ही बाजू माहीत असलेल्या पोराशी बोलायला मजा येते.

प्रवेशाचं थोडक्यात: बीएस्सीला गणित सोडू नका. एमएस्सीला जॅम ही प्रवेशपरीक्षा, आपल्या सिमरोलच्या आयआयटीतच खगोलशास्त्राचा विभाग आहे. पीएचडीला जेस्ट किंवा नेट या परीक्षा, मग पुण्याच्या आयुका, एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था (आत्या पुण्यात असतेच!). हाताने यंत्र जुळवायची आवड असेल तर डिटेक्टरकडे, म्हणजे हे कण टिपायच्या यंत्रांकडे, वळा. झारखंडात जादूगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खाली अशीच प्रयोगशाळा आहे, कारण मोजणीत गोंधळ घालणारे वैश्विक किरण वरचा खडक अडवतो.

उन्हाळी प्रोजेक्टसाठी प्राध्यापकांना मेल लिहाल, तेव्हा ‘मला लहानपणापासून आकाशाची आवड’ हे वाक्य खोडा. तो आलेख जोडा आणि खाली दोन ओळी लिहा: कोणता भाग जुळला नाही, आणि तुम्हाला तसं का वाटतं.