वॉरबँडमधले साथीदार: या चुका टाळा

जेरेमसला चिलखत चढवून, हातात भाला देऊन घोडदळाच्या पहिल्या रांगेत पळवणारे वीर नाशकात पैशाला पासरी सापडतील. जेरेमस म्हणजे 'माउंट अँड ब्लेड: वॉरबँड'मधला वैद्य. अंकाऱ्याच्या टेलवर्ल्ड्स कंपनीचा हा गेम २०१० साली आला. जुन्या लॅपटॉपवरही तो कुरकुर न करता चालतो, म्हणून सिडकोपासून म्हसरूळपर्यंत कॉलेजच्या पोरांच्या खोल्यांत तो अजून टिकून आहे. आणि तक्रारीही टिकून आहेत. "दादा, एवढं भारी आर्मर दिलं तरी पहिल्या मिनिटात आडवे होतात." "दादा, कम्पॅनियन सारखे सोडून जातात रे." "दादा, धनुष्य दिलंय पण बाणच मारत नाही."

यात गेमचा बिघाड क्वचितच असतो. आपण साथीदाराला सैनिक समजतो, तिथे गाडं अडतं. सैनिक गावोगाव मिळतात, मेले तर दुसरे घ्यायचे. साथीदार सोळाच आहेत आणि ते घ्यायचे असतात त्यांच्या स्किलसाठी. त्यांचं सगळं सामान, त्यांची रांगेतली जागा, त्यांना दिलेले पॉइंट, हे सगळं 'हा शुद्धीवर कसा राहील' या प्रश्नावरून ठरवायला हवं.

वैद्य पहिल्या रांगेत

सर्जरी हे पार्टी स्किल आहे. त्याच्या प्रत्येक पातळीमागे, मरणार असलेला सैनिक नुसता जखमी होऊन वाचण्याची शक्यता ४ टक्क्यांनी वाढते. हा फायदा एकट्या जेरेमसला नाही, अख्ख्या फौजेला मिळतो. सर्जरी ६ असेल तर २४ टक्के जास्त. तासन्‌तास खपून तयार केलेल्या स्वाडियन नाइटच्या (गेममधल्या स्वाडिया राज्याच्या भारी घोडेस्वाराच्या) बाबतीत हा आकडा किती मोठा आहे ते वेगळं सांगायला नको.

वॉरबँडमध्ये साथीदार मरत नाहीत, फक्त बेशुद्ध पडतात. त्यामुळे कोणी फिकीर करत नाही. पण पडलेला माणूस बरा होईपर्यंत त्याचं पार्टी स्किल गटाच्या हिशेबात धरलं जात नाही. म्हणजे वैद्य पडला की नेमक्या गरजेच्या वेळी दवाखान्याला कुलूप.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही फुकट. पार्टीच्या पडद्यावर जो वर असतो तो मैदानात आधी उतरतो. बहुतेक जण साथीदारांना कौतुकाने यादीच्या डोक्यावर ठेवतात. जेरेमसवर क्लिक करा आणि त्याला खाली, अगदी तळाशी न्या. मोठ्या लढाईत सगळे एकदम उतरत नाहीत, त्यामुळे बऱ्याचदा त्याची पाळी येण्याआधीच निकाल लागलेला असतो. दुसरा उपाय गटाचा. त्याच पडद्यावर प्रत्येकाचा गट बदलता येतो. पायदळ, तिरंदाज आणि घोडदळ हे तीन आधीपासून असतात, पुढचे आकडे रिकामे. वैद्य, वाटाड्या, इंजिनिअर यांना चौथ्या गटात टाका. लढाई सुरू होताच ४ दाबा, मग एफ१ आणि परत एफ१. ते तुमच्या त्या वेळच्या जागेपाशीच थांबतील. बाकीच्यांना एफ१, एफ३ ने खुशाल धाडा.

"मग त्याला अनुभव कसा मिळणार?" हे हमखास विचारलं जातं. लढाई जिंकल्यावर सगळ्या गटाला अनुभवाचा वाटा मिळतो. हाताने मारणाऱ्याइतका नाही, हे खरं. जेरेमसची पातळी सावकाश वाढेल. वाढू द्या.

पॉइंट वाया घालवणं

साथीदाराची पातळी वाढली की लोक घाईघाईत जिथे हिरवं दिसेल तिथे पॉइंट टाकतात. स्किलचे तीन प्रकार आहेत आणि ते स्किलवर माउस नेला की लिहून येतात, पण वाचतो कोण! लीडर स्किल फक्त तुमचंच धरलं जातं. लीडरशिप, प्रिझनर मॅनेजमेंट, इन्व्हेंटरी मॅनेजमेंट यांत साथीदाराचा एकही पॉइंट टाकू नका, तो गोदेत सोडल्यासारखा आहे. पार्टी स्किलमध्ये गटातल्या ज्याचं सगळ्यात जास्त, तेवढंच मोजलं जातं. दोघांचं पाथ-फाइंडिंग ४ असेल तर गटाचं ८ होत नाही, ४ च राहतं. म्हणून एकाला वैद्यकीची तिन्ही स्किलं (सर्जरी, वूंड ट्रीटमेंट, फर्स्ट एड), दुसऱ्याला वाटाड्याची पाथ-फाइंडिंग, स्पॉटिंग, ट्रॅकिंग, तिसऱ्याला इंजिनिअर अशी वाटणी हवी. तुम्ही स्वतः मात्र थोडी भर घालू शकता. तुमचं तेच स्किल २ ते ४ असेल तर गटाला १ जास्त मिळतो, ५ ते ७ असेल तर २. सर्जरीत स्वतःचे दोन पॉइंट घालणं म्हणून मला नेहमीच परवडणारं वाटतं.

ट्रेनर हे वेगळं प्रकरण, तिसऱ्या प्रकारातलं, म्हणजे पर्सनल स्किल. ते प्रत्येकाचं वेगळं मोजलं जातं, आणि शिकवणाऱ्यापेक्षा खालच्या पातळीच्या सैनिकांना रोज अनुभव मिळतो. सहा साथीदारांना ट्रेनर दिलं तर सहा मास्तर. लेझालिट हा साथीदार येतानाच ते चांगलं घेऊन येतो, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

आणखी एक अडचण अशी की पॉइंट शिल्लक असूनही स्किल पुढे जात नाही. कारण स्किलची मर्यादा त्याच्या मूळ गुणाच्या एक तृतीयांश असते. इंटेलिजन्स १२ असेल तर सर्जरी ४ वर अडणार. पुढे जायचं तर इंटेलिजन्स १५ हवं. शिवाय इंटेलिजन्सच्या प्रत्येक पॉइंटबरोबर एक जादा स्किल पॉइंट मिळतो, त्यामुळे वैद्य आणि वाटाड्यांचे सुरुवातीचे पॉइंट तिकडेच जावेत.

इंजिनिअरकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना किल्ल्यापुढे तंबू ठोकून बसावं लागतं. शिड्या आणि मनोरे किती वेळात तयार होतात हे त्या स्किलवर ठरतं, आणि मनोरा लागणाऱ्या किल्ल्याला तर दिवसच्या दिवस जातात. तोवर शत्रूची कुमक येते आणि घरचं धान्य संपतं. वेढ्यात वेळ कोणाच्या बाजूचा असतो ते नाशिककरांना शिकवायला नको. १६८२ पासून रामशेजसमोर मुघल फौजा वर्षानुवर्षे बसून होत्या, आणि तो किल्ला काही फार उंच नाही.

सामान: महाग म्हणजे बरोबर नव्हे

इथे सगळ्यात जास्त पैसे उडतात.

शस्त्रांच्या जागा चार. पोरं त्या चारही भरतात: तलवार, दुहाती कुऱ्हाड, भाला, धनुष्य. मग तक्रार येते की साथीदार ऐन गर्दीत लांब भाला घेऊन चाचपडतोय. कोणतं शस्त्र कधी काढायचं हे कॉम्प्युटर ठरवतो आणि त्याची निवड फार शहाणपणाची नसते. त्याच्यापुढे पर्यायच कमी ठेवा. तिरंदाज असेल तर एक धनुष्य, बाणांचे दोन भाते आणि एक एकहाती शस्त्र. पायदळातला असेल तर एकहाती शस्त्र आणि ढाल, हवं तर फेकायची शस्त्रं. क्लेथी या साथीदारणीला फेकायच्या शस्त्रांची सवय आहे, तिला तेच भरपूर द्या. ढाल आणि दुहाती कुऱ्हाड एकाच माणसाला दिली तर कुऱ्हाड हातात असताना ढाल पाठीवर जाते. पाठीमागून येणारे बाण ती अडवते, समोरचे नाही.

'बाण मारत नाही' या तक्रारीची कारणं मी पुढच्या क्रमाने तपासायला सांगतो. क्रॉसबोला बोल्ट लागतात, धनुष्याला बाण. घाईत उलटं दिलं जातं, आणि दिसायला दोन्ही भाते सारखेच. मग पॉवर ड्रॉ, म्हणजे धनुष्य ताणायचं स्किल, बघा. 'वॉर बो' या धनुष्याला तो ४ लागतो, तितका नसेल तर धनुष्य कितीही भारी असो, उपयोग नाही. तो माणूस घोड्यावर आहे का? हेवी क्रॉसबो घोड्यावर बसून परत भरता येत नाही. एक बोल्ट सुटला की संपलं. 'पाईक' या लांब भाल्यासारखी लांबलचक हत्यारंही घोड्यावरून चालत नाहीत. हे सगळं त्या वस्तूवर माउस नेला की दिसतं. आणि सगळं बरोबर असूनही शांतता असेल, तर एफ३ चे हुकूम आठवा. 'होल्ड फायर' (मारा थांबवा) देऊन आपणच विसरलेलो असतो, आणि गडी बिचारा हुकूम पाळत उभा असतो.

बोथट शस्त्रांचं महत्त्व उशिरा कळतं. धारेने मारलेला शत्रू बहुधा मरतो, बोथट माराने तो बेशुद्ध होऊन कैदी मिळतो. दोन-तीन घोडेस्वार साथीदारांना गदेसारखं बोथट शस्त्र दिलं की कैद्यांच्या विक्रीतून फौजेच्या पगाराला बरा हातभार लागतो. सगळ्यांना मात्र देऊ नका. किती कैदी बाळगता येतील ते तुमच्या प्रिझनर मॅनेजमेंटवर आहे, प्रत्येक पातळीला ५.

आता खर्चाचा क्रम. दुकानातली चकचकीत तलवार बघून हात सुटतो, पण तलवार शेवटी घ्या. आधी अंगावरचं चिलखत, मग शिरस्त्राण, मग ढाल, मग घोडा. साथीदार शुद्धीवर राहणं हेच आपलं काम आहे, त्याने किती मारले हे दुय्यम. सुरुवातीच्या बऱ्याच लढाया लुटीतल्या मालावर निघतात. प्रत्येक लढाईनंतर लूट विकण्याआधी एकदा साथीदारांच्या अंगावरच्या वस्तूंशी ताडून पाहायची सवय लावा. वस्तूच्या नावाआधीचे शब्दही वाचा. 'क्रॅक्ड' किंवा 'रस्टी' म्हणजे उतरलेला माल, 'थिक', 'रीइन्फोर्स्ड', 'लॉर्डली' म्हणजे चढता. स्ट्रेंग्थ कमी असेल तर जड चिलखत चालतच नाही, आणि पायी लढणाऱ्याला ओझ्याने संथपणा येतो तो वेगळा.

भांडणं

सोळांपैकी प्रत्येकाचं एकाशी जमतं आणि दोघांशी पटत नाही. आणि एकत्र लढाई झाली की हे बाहेर पडतं: अमुक मला आवडला नाही, तमुकने माझ्याबद्दल असं म्हटलं. हे गल्लीतल्या गणेश मंडळाच्या कार्यकारिणीसारखं आहे, वर्गणी जमवण्याआधी कोण कोणाशेजारी बसणार नाही हे माहीत हवं. साथीदार भेटतात त्या टॅव्हर्नमध्ये (शहरातल्या गुत्त्यात) दिसेल त्याला घेत गेलात तर आठ-दहा जणांत चार-पाच भांडणं आपसूक तयार होतात.

सुदैवाने सोळांचे दोन गट असे पडतात की गटाच्या आत कोणाचंच वैर नाही. पहिला: आलायेन, बहेश्तुर, फिरेंटिस, क्लेथी, देशावी, बंडुक, यमिरा, जेरेमस. दुसरा: आर्टिमेनर, बोर्चा, रॉल्फ, लेझालिट, मॅथेल्ड, मार्निड, कॅट्रिन, निझार. पहिल्यात आलायेन-यमिरा, फिरेंटिस-जेरेमस, क्लेथी-देशावी यांचं एकमेकांशी जमतं, हा वरचा फायदा.

मी पहिला गट निवडेन, जेरेमससाठी. त्यात इंजिनिअर नाही, कारण आर्टिमेनरचं आणि जेरेमसचं पटत नाही. पण यमिरा पहिल्या पातळीवर येते, कोरी पाटी. तिला इंटेलिजन्स देत इंजिनिअर करा. वाटाड्या म्हणून देशावी आहेच. दुसरा गट घेणाऱ्यांनी वैद्यकी मार्निडला शिकवावी आणि वाट बोर्चाकडे सोपवावी. आर्टिमेनर आणि लेझालिट दोघंही एकत्र मिळतात, हे त्या गटाचं बलस्थान, तेही नाकारण्यासारखं नाही.

वैर नसलं तरी माणसं नाराज होतात. पगार थकला, धान्य संपलं, गावं लुटली, लढाईतून पळ काढला, कबूल केलेलं काम केलं नाही, यातलं कोणाला ना कोणाला खटकतंच. शिदोरीत एकच धान्य असेल तर फौजेचा उत्साह कमी राहतो. भाकरीबरोबर मासे, चीज, फळं, असं वेगवेगळं ठेवा. आणि अधूनमधून साथीदाराशी बोला. कंपनीत कसं चाललंय असं विचारलं की तो मोकळेपणाने सांगतो. तक्रारी काळाबरोबर विरतात. तो जायला निघालाच तर तुमचं पर्सुएशन (मन वळवायचं स्किल) कामी येतं. तरी गेला, तर अंगावरचं सामान घेऊन जातो. त्यामुळे कुरकुर वाढलेली दिसली की सगळ्यात महागडं चिलखत तात्पुरतं काढून घेण्यात गैर नाही. तुम्ही हरून कैद झालात तर साथीदारांची पांगापांग होते. घाबरू नका. टॅव्हर्नमधल्या प्रवाशाला थोडे दिनार दिले की तो हरवलेल्यांचा ठावठिकाणा सांगतो.

जहागीर द्यायच्या आधी

स्वतःचं राज्य झालं की साथीदाराला जहागीर देऊन सरदार करता येतं, आणि इथे दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे तो पार्टीतून जातो आणि त्याचं स्किलही जातं. वैद्याला किल्ला बहाल करून दुसऱ्या दिवशी लढायला निघालेले लोक मी पाहिलेत. आधी पर्यायी माणूस तयार ठेवा. दुसरं म्हणजे खानदान. आलायेन किंवा मॅथेल्डसारख्या घरंदाज माणसाला जहागीर दिली तर कोणी भुवई उंचावत नाही. बंडुक किंवा क्लेथीला दिली तर बाकीचे सरदार तुमच्यावर नाराज होतात.

सरदार झाल्यावर त्याच्या सामानाला तुम्हाला हात लावता येत नाही. जे अंगावर असेल तेच घालून तो पुढे लढत राहतो. तेव्हा फुटकं शिरस्त्राण आणि गंजकी तलवार देऊन त्याला निरोप देऊ नका. चांगला घोडा, जाड चिलखत आणि ढाल देऊन पाठवा, आणि तुम्हाला स्वतःला लागणारी वस्तू असेल तर ती जहागिरीचं बोलणं काढायच्या आधी उतरवून घ्या.