जाहिरातपट करताना एआयकडे काय सोपवावे

2021च्या दिवाळीत कॅडबरी सेलिब्रेशन्सच्या जाहिरातीत शाहरुख खान गल्लीतल्या दुकानांची नावे घेऊन तिथे खरेदी करा असे सांगत होता. नावे दुकानदार स्वतः भरत आणि त्यांच्यापुरती जाहिरात तयार होई. एवढ्या नावांसाठी नटाला कॅमेऱ्यापुढे बसवणे अशक्य होते, म्हणून त्याच्या संमतीने चेहरा आणि आवाज एआयने घडवला. पण कोविडने खचलेल्या छोट्या दुकानदाराला देशातला एक अतिशय प्रसिद्ध चेहरा उसना द्यावा, ही कल्पना माणसांना सुचलेली होती. कामाची हीच वाटणी छोट्या जाहिरातीतही पाळता येते.

समजा, चकलीची भाजणी विकणाऱ्या एका घरगुती उद्योगासाठी 30 सेकंदांची जाहिरात करायची आहे. सुरुवातीलाच एआयकडून 20 कल्पना मागवाव्यात, मात्र त्या वापरण्यासाठी नव्हे. पणत्या, रांगोळी, हसरी आजी, परदेशातून अचानक दारात उभा राहिलेला मुलगा हे सारे त्या यादीत हमखास येईल, कारण आजवरच्या असंख्य जाहिरातींत तेच आहे. ती यादी भिंतीवर चिकटवावी आणि तिच्यातले काहीही करायचे नाही असे ठरवून अर्धा दिवस त्या उद्योगाच्या स्वयंपाकघरात बसावे. तिथे दिसेल की पहिला घाणा काढल्यावर बाई चकली खाऊन पाहत नाही, तर थोडी निवू देऊन कानाजवळ मोडते. मोहन कमी-जास्त झाले असेल तर ते त्या आवाजावरून कळते. भाजणी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाची खरी धास्तीही पहिल्या घाण्याचीच असते, त्यामुळे घरातले सगळे क्षणभर गप्प होतात आणि ‘कट्’ असा आवाज येतो, एवढ्यावर जाहिरात उभी राहू शकते.

कल्पना पक्की झाली की एआय खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. आठ-दहा दृश्यांचा स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रांतून मांडलेला आराखडा, दुपारभरात तयार होतो, कॅमेरा कढईच्या वर ठेवावा की खिडकीशी, हे चित्रीकरणाचा खर्च होण्याआधी पाहता येते आणि क्लायंटलाही नुसत्या वर्णनापेक्षा चित्र लवकर समजते. सूचना देताना ‘पारंपरिक मराठी घर’ असे मोघम लिहू नये. ओट्याची उंची, पितळी सोऱ्या, सकाळचा प्रकाश, बाईचे वय असे सारे नेमके लिहावे. तरीही चकलीला काटे नसणे, नऊवारीचा काष्टा भलतीकडे जाणे आणि पाकिटावरची जोडाक्षरे मोडणे असे दोष उरू शकतात, म्हणून पडद्यावरचा प्रत्येक मराठी शब्द संकलनाच्या वेळी हाताने टाकावा.

विकायची वस्तू मात्र नेहमी खरीच चित्रित करावी. एआयने काढलेली चकली प्रत्यक्षापेक्षा खुसखुशीत दिसली तर ती ग्राहकाची दिशाभूल ठरू शकते, आणि 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसेच 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत स्पष्ट तरतुदी आहेत.

आवाजाबाबत अधिक सावध असावे. ‘चकलीची भाजणी’ या दोनच शब्दांत पहिला च दंत्य (‘चमचा’तल्यासारखा), दुसरा तालव्य (‘चहा’तल्यासारखा) आणि पुढचा ज पुन्हा दंत्य आहे. लिपीत हा फरक दिसत नसल्याने यंत्राचा आवाज तिथे सहज अडखळतो, आणि मराठी कानाला ते तत्क्षणी खटकते. यंत्राचा आवाज वेळ मोजण्यापुरता वापरून संहिता 60 शब्दांच्या आसपास आणावी आणि अंतिम निवेदन माणसाकडूनच करून घ्यावे. त्या कलाकाराचा आवाज पुढे एआयने घडवायचा असेल, तर कशासाठी, किती काळ आणि किती मोबदल्यात हे लेखी ठरवावे. प्रसिद्ध आवाजाची नक्कल तर टाळावीच: अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये, तर अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अशा वापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले आहे.

उभी आणि आडवी चौकट, उपशीर्षके, पार्श्वभूमीतला गोंगाट काढणे ही किचकट कामे खुशाल यंत्राला द्यावीत. 6 सेकंदांची आवृत्ती मात्र मोठ्या जाहिरातीतून कापून होत नाही, तिचा विचार वेगळा करावा लागतो. इथे बहुधा चकली मोडणारा हात आणि तो आवाज एवढेच पुरे होईल.

प्रसारणाआधी तयार जाहिरात त्या स्वयंपाकघरात नेऊन दाखवावी. ‘तेलाला एवढे बुडबुडे असताना चकली कोण काढतं?’ असे बाईंनी विचारले, तर ते दृश्य संगणकावर दुरुस्त करत न बसता पुन्हा कढई ठेवून चित्रित करावे.