जंक्शन, जंक्चर, जॉइंट पाठ करू नका, आधी बैलाच्या मानेवरचं जू बघा

भाचा नाशिकरोडला स्पर्धा परीक्षेचा क्लास लावून बसलाय, परवा म्हणे मामा, जंक्शन न जंक्चर मध्ये दरवेळी घोळ होतो. म्हटलं पोळ्याला गावी येतोस ना, बैलगाडीजवळ जाऊन जू बघ. आडवं लाकूड, दोन्ही बाजूला शिवळा म्हणजे खुंट्या, त्यात दोन बैलांच्या माना, बास एवढं डोळ्यासमोर आलं की अर्धं काम झालं.

आता बघा, जू हा शब्द संस्कृत युग वरून आला, त्यामागे युज् म्हणजे जोडणे, योग पण तिथलाच. लॅटिनमध्ये जोडणे म्हणजे युंगेरे न जू म्हणजे युगुम, इंग्रजीतला योक पण त्याच घरातला भाऊ, युग-योक असं म्हणून बघा कानालाच कळतं. युंगेरे पासून जंक्शन, जंक्चर, कंजंक्शन, आणि फ्रेंचमधून फिरून आलेले जॉइन, जॉइंट. (आपला सांधा मात्र यात घुसवू नका, तो संधी चा, त्याचा धातू धा.)

फरक असा धरा. जंक्शन म्हणजे जागा. मोठं स्टेशन म्हणजे जंक्शन असं लोकांना वाटतं, तसं नाही, नाशिकरोडला एवढी गर्दी पण ते जंक्शन नाही, मनमाड आहे, कारण तिथून दौंडकडे वेगळी लाईन फुटते. नाशिकच्या द्वारका चौकात आग्रा रोड न पुणे रोड भेटतात, ते पण जंक्शनच, ट्रॅफिकमध्ये अडकलात की आठवेल. जंक्चर मूळ सांधा असलं तरी आता बहुतेक वेळेसाठी वापरतात, तेही नाजूक वेळ, पेपरात ॲट धिस जंक्चर दिसलं की इकडे किंवा तिकडे अशी घडी समजायची. आपल्या संधी शब्दाचं पण तसंच आहे ना, व्याकरणात जोड आणि नोकरीत चान्स.

राहिला सब्जुगेट म्हणजे हरवून ताब्यात ठेवणे, याला भाचा फार घाबरायचा. सब म्हणजे खाली, युगुम म्हणजे जू. रोमन लोक हरलेल्या सैनिकांना भाल्यांच्या कमानीखालून वाकून जायला लावायचे, त्या कमानीला ते जूच म्हणायचे. आपण गुलामीचं जोखड म्हणतो तसंच. कॉन्जुगल म्हणजे नवराबायकोचं, त्यातही तेच जू आहे, हे ऐकून त्याची मामी लगेच म्हणाली, शोधायला कशाला लॅटिन लागतं.