शस्त्र परवान्याच्या मसुद्यावर हरकत कशी नोंदवावी: पीकसंरक्षणाची बंदूक असलेल्यांसाठी

शस्त्र परवान्याचे नियम बदलणार अशी बातमी आली की आमच्याकडे दोन दिवसांत मोबाइलवर तयार पत्र फिरायला लागतं. खाली नाव लिहा, सही करा, पुढे पाठवा. ते पाठवू नका. मी एकदा पाठवलं होतं, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मी यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या पट्ट्यात शेती करतो. कापूस, तूर, रब्बीत हरभरा. घरात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर ती वारस म्हणून माझ्या नावावर झाली. स्वतःसाठी आणि आजूबाजूच्या गावांतल्या परवानाधारकांसाठी हरकती लिहायचं काम मी बरेचदा केलं आहे. परवाना कसा काढायचा ते इथे सांगत नाही. परवाना हातात आहे आणि मसुद्यावर बोलायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे.

बोलून उपयोग काय, असं म्हणणारे प्रत्येक पारावर भेटतात. मसुदा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात एका माणसाला तीनऐवजी एकच बंदूक ठेवता येईल असं लिहिलं होतं. कायदा झाला तेव्हा तिथे दोन हा आकडा होता. एक आकडा बदलला आणि बापाची एक, आपली एक अशा दोन बंदुका असलेल्या घरांतली दुसरी बंदूक वाचली.

मसुदा मिळवा

तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि ई-राजपत्रात हिंदी-इंग्रजीत असतो. छापून घ्या, शेवटची तारीख पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. कायदा किंवा नियम करण्याआधी लोकांचं मत घ्यायचं, या केंद्राच्या 2014 च्या धोरणाप्रमाणे लोकांना किमान 30 दिवस मिळायला हवेत. कमी दिले असतील तर तीच तुमची पहिली हरकत.

कोणाला लिहायचं

मसुद्याच्या सूचनेत ज्या अधिकाऱ्याचा पत्ता दिला आहे त्यालाच. कलेक्टर साहेबांना निवेदन देऊन फोटो काढून घेणं म्हणजे हरकत नोंदवणं नव्हे. कलेक्टर परवाना देतात, नियम करत नाहीत. शस्त्रं हा विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत आहे, त्यामुळे मुंबईतही त्याचा निकाल लागत नाही. आमदारांना प्रत द्यायची तर द्या, पण मूळ कागद दिल्लीलाच गेला पाहिजे.

आता खरं काम: हरकत लिहिणं

सगळे इथेच चुकतात, मीही चुकलो. 2016 चे शस्त्र नियम येण्याआधी त्यांचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला होता. तालुक्याच्या गावी एकाने पत्र तयार करून दिलं, आम्ही 63 जणांनी त्यावर सह्या केल्या. एका पानात सगळं होतं: रानडुक्कर, रोही (नीलगाय), नुकसानभरपाई, रात्रीची वीज, ठाण्यातली वागणूक. पत्र मोठं जोरदार होतं. जुलै 2016 मध्ये अंतिम नियम निघाले तेव्हा मी ते छापून आणले आणि आमचं पत्र शेजारी ठेवून रात्री वाचत बसलो. आमच्या पत्रातलं एकही वाक्य कोणत्याच नियमात बसवता येण्यासारखं नव्हतं. नियम लिहिणाऱ्याला आमचं ऐकायचं असतं, तरी त्याने नेमकं काय बदलायचं हे आम्ही सांगितलंच नव्हतं. 63 सह्या वाया गेल्या. त्या रात्रीची चुटपुट अजून आहे.

म्हणून आता मी एकच पद्धत धरतो. एका हरकतीत एकच नियम घ्यायचा. त्याचा क्रमांक आणि पोटनियम लिहायचा. त्याने माझ्या घरात, माझ्या वावरात काय होईल ते आकड्यांत सांगायचं. शेवटी कोणते शब्द काढून कोणते घालायचे ते अवतरणचिन्हात द्यायचं. हा शेवटचा भाग लोक सोडून देतात आणि खरं वजन त्यालाच असतं.

समजा मसुद्यात असं आहे की परवानाधारकाने दर वर्षी बंदूक घेऊन जिल्हा मुख्यालयी तपासणीला यावं. "हा नियम शेतकरीविरोधी आहे, रद्द करा" असं लिहिलं तर वाचणारा पान उलटतो. त्याऐवजी असं लिहा: "नियम अमुक, पोटनियम अमुक. माझं गाव जिल्हा मुख्यालयापासून 64 किलोमीटर आहे. सकाळची एसटी चुकली तर त्या दिवशी काम होत नाही. मागच्या नूतनीकरणाला मला चार खेपा पडल्या, तारखा सोबत जोडल्या आहेत. तपासणी डिसेंबर-जानेवारीत आली तर तेव्हा हरभरा घाट्यावर आणि तूर शेंगांत असते, रात्रीची जागल त्याच दिवसांत लागते. 'जिल्हा मुख्यालयी' या शब्दांऐवजी 'नजीकच्या पोलीस ठाण्यात' हे शब्द घालावेत." एवढंच. यात शिवी नाही, घोषणा नाही, आणि अधिकाऱ्याला करायला एक सोपं काम आहे.

मी पाहिलेली सगळ्यात चांगली हरकत आमच्या शेजारच्या गावातल्या एका काकूंनी लिहिली होती. पती वारले, बंदूक ठाण्यात जमा झाली, शेत त्याच कसतात. परवाना नावावर करायला बाकीच्या वारसांची संमती मागितली गेली. मुलगा पुण्यात, मुलगी आदिलाबादला दिलेली. कागद फिरता फिरता तुरीचा एक हंगाम गेला. वहीच्या पानावर नऊ ओळींत त्यांनी तेवढंच लिहिलं आणि शेवटी मागणी केली की वारसांपैकी जो शेत कसतो त्याचा अर्ज ठरावीक दिवसांत निकाली काढावा, आणि सातबारा हा पुरावा धरावा. मी त्यातला एक शब्द बदलला नाही.

कायद्याचा आधार घ्या, पण नेमका घ्या. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख स्पष्ट आहे. तेवढ्याने भागत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. कलम 14 सांगतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही. नियम कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत. मसुद्यातला नियम या कलमांना आडवा जात असेल तर तसं एका वाक्यात लिहा. दहा भावनिक वाक्यांपेक्षा ते एक वाक्य जड आहे.

आता दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

पहिली. स्वतःच्या हाताने गुन्हा कबूल करू नका. मी वाचलेल्या हरकतींत हे वाक्य वारंवार आलं आहे: "माझं वय झालं, म्हणून रात्री मुलगाच बंदूक घेऊन धुऱ्यावर बसतो." मुलाचं नाव परवान्यावर नसेल तर हे लिहून तुम्ही त्याला अडकवलं. अडचण खरी आहे, मागणीही रास्त आहे, पण ती मागणी म्हणून लिहा: वय झालेल्या परवानाधारकाच्या घरातल्या एका सज्ञान व्यक्तीचं नाव परवान्यात जोडण्याची सोय सोपी करावी. शेजाऱ्याला दिलेली काडतुसं, परवान्याची मुदत संपल्यावर घरात राहिलेली बंदूक, यांबद्दलही तेच. मुदत संपलेली बंदूक हरकतीत सांगायची नसते, ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते.

दुसरी. डुक्कर मारण्याची परवानगी आणि बंदुकीचा परवाना यांची गल्लत करू नका. बंदूक हातात असली म्हणजे रोही किंवा डुक्कर मारायची मुभा मिळत नाही. ती वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते, नाहीतर केस होते. याच कायद्याच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नाव नोंदवावं लागतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर त्यांची आधी सहमती लागते. टिपेश्वर, ताडोबा, बोर, नवेगाव, मेळघाट अशा जंगलांच्या आसपास परवाने अडकतात तेव्हा बरेचदा हे कारण असतं. तो राग गृह मंत्रालयाच्या मसुद्यावर काढून काही होणार नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा पत्ता.

आणि भाषा सांभाळा. बंदूक कोणाच्या हातात सुरक्षित आहे हे ठरवणाऱ्या खात्याला तुम्ही लिहिताय. "बंदुका काढून घेतल्या तर बघून घेऊ" असं एक वाक्य आलं की तुमची बाकीची नऊ वाक्यं कोणी वाचत नाही.

मराठीत लिहिलं तर चालतं का

चालतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 प्रमाणे केंद्राच्या अधिकाऱ्यालाही राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. इंग्रजीच हवं म्हणून पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहा. मी मराठी मूळ पाठवतो आणि वर एका पानात हिंदी सारांश लावतो, कारण वाचणाऱ्याचं काम सोपं झालेलं बरं. मसुद्यातले शब्द मात्र जसे छापले आहेत तसेच हिंदीत किंवा इंग्रजीत उतरवा, स्वतः अनुवाद करू नका.

पुरावे

सातबारा, पीक नुकसानीचा पंचनामा, नूतनीकरणाच्या खेपांची एसटी तिकिटं. माझ्याकडे एक जुनी डायरी आहे, तिच्यात प्रत्येक खेप लिहिलेली असते: तारीख, कोणत्या टेबलावर गेलो, काय सांगितलं, किती वाजता परत निघालो. त्या डायरीच्या दोन पानांची झेरॉक्स मी जोडतो. परवान्याचा क्रमांक, बंदुकीचा फोटो आणि घरचा पत्ता फक्त मूळ अर्जात द्या. व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. कोणाच्या घरात बंदूक आहे हे चोरालाही वाचता येतं.

पाठवा

ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही. विषयात नियमाचा क्रमांक लिहा. शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी पाठवा, पावती परवान्याच्या फाइलमध्ये ठेवा. गावातल्या दहा जणांना हरकत घ्यायची असेल तर दहा वेगळी पत्रं लिहा, प्रत्येकाच्या स्वतःच्या अडचणीसकट. मी संध्याकाळी एकेकाला ओसरीवर बसवून विचारतो, तो सांगतो तसं लिहितो आणि त्याला वाचून दाखवतो. एका माणसाला अर्धा तास लागतो.

नंतर

2014 च्या त्याच धोरणाप्रमाणे लोकांकडून आलेल्या सूचनांचा सारांश खात्याने संकेतस्थळावर ठेवायला हवा. तो आला का पाहत राहा. दिसला नाही तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा: अमुक नियमावर किती हरकती आल्या, त्यांवर काय निर्णय झाला, त्या टिपणीची प्रत द्यावी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. अपिलाला फाइलमधल्या स्पीड पोस्टच्या पावतीची झेरॉक्स जोडा.